बाळाला कॅमेऱ्यासमोर नेण्याआधी

गणेशचवथीला घरी आलेल्या माणसांपैकी एकजण तरी म्हणतोच, "हिला जाहिरातीत घाला गो, किती गोड हसते!" गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरी हे तीनदा ऐकू आलं आणि माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास) उतरायच्या आत नवऱ्याने मोबाइलवर कुठली तरी एजन्सी शोधूनही काढली. त्या महिनाभरात जे जे बघावं लागलं, ते इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि आठ दिवस बाळाचा दिनक्रम लिहा. कधी झोपतं, कधी दूध पितं, कुठल्या वेळेला उगाच किरकिरतं, परक्याच्या कडेवर किती वेळ राहतं. आमची मुलगी सकाळी नऊ ते साडेदहा खुशीत असायची आणि दुपारी चारनंतर तिला देवानेसुद्धा घेतलं नसतं. म्हणजे तिचा कामाचा वेळ दीड तास, तोही पोट भरलेलं असेल तर. ही वही नसेल तर समोरचा सांगेल ती वेळ तुम्ही कबूल करून बसता. शिवाय आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास बरीच मुलं अनोळखी चेहरा दिसला की रडतात, त्यामुळे सहाव्या महिन्यातल्या हसऱ्या फोटोच्या भरवशावर पुढची तारीख घेऊ नका. साडेतीन महिन्यांच्या आणि पुढच्या लसींनंतरचे दोन-तीन दिवसही मोकळे ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा तर विचारच नको. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या 2022 च्या मसुद्यातही स्तनपान किंवा लसीकरणाचा प्रचार सोडला तर तेच म्हटलं होतं.

मग अंतर. जाहिरातींसाठी बाळांची निवड बहुतेक मुंबईत होते, आणि निरोप संध्याकाळी येतो, "उद्या सकाळी या." रात्रभर कोकणकन्या गाडीत झोपमोड झालेलं बाळ सकाळी कुणासाठी हसणार? आम्ही ठरवलं, शूटिंग गोव्यात असेल तरच. पावसाळा सरला की पणजीतल्या फोंतेन्यासच्या गल्ल्यांत आणि किनाऱ्यांवर कॅमेरे दिसतातच.

फोटोसाठी पैसे घालवू नका. नोंदणी फी आणि पोर्टफोलिओसाठी हजारो रुपये मागणारा माणूस तुमच्याकडूनच कमावतोय, त्याच्याकडे काम नसतं. बाळाचा चेहरा महिन्या-महिन्याला बदलतो, महागडा अल्बम शिमग्यापर्यंत जुना होतो. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या कपड्यांत मोबाइलवर तीन-चार फोटो काढा. काजळ आणि गालावरची तीट तेवढी पुसा (यावरून सासूबाईंशी दोन दिवस अबोला होता, फोटो झाल्यावर त्यांनी दुप्पट मोठी तीट लावली). आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुणालाही पाठवू नका, कितीही गोड मागणी असो.

आम्हाला एकाने दुधाच्या पावडरीच्या डब्यावर फोटो येईल असं सांगितलं होतं. तिथेच तो पकडला गेला. बाळाच्या दुधाची पावडर, दुधाची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचा डबाबंद आहार यांची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, आणि दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही.

कागदांचा भाग कंटाळवाणा, पण टाळू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून घ्यायचं तर जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या कलेक्टरची परवानगी निर्मात्याने काढायची असते, तुम्ही नाही. तिची प्रत मागा. 2017 च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही आणि मोबदल्यातला किमान 20 टक्के भाग बाळाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. तान्ह्या बाळाला पाच तास म्हणजेसुद्धा अतीच, तिथे तुमची वही दाखवा. जन्माचा दाखला आणि बाळाचं आधार तयार ठेवा. करारात फोटो कुठे, किती वर्षं वापरणार हे वाचा. पाच वर्षांनी तीच मुलगी शाळेत जाणार आहे आणि तिचा डायपरमधला फोटो फलकावर नको असेल, तर आत्ताच खोडा. बॅकअप म्हणून बोलावताहेत का, हेही विचारून घ्या. एक बाळ रडलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून दोघं-तिघं बोलावतात, आणि बॅकअपचं बाळ दिवसभर एसीत बसून राहतं. त्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवा.

पिशवी तुम्ही भरालच, त्याबद्दल काय सांगायचं. एकच, घरची गोधडी न्या, न धुतलेली. परक्या खोलीत त्या वासाने मूल झोपतं. चेहऱ्याला कुणी पावडर-क्रीम लावायला आलं तर आपलं आपण लावा किंवा नाही म्हणा.

आणि निघण्याआधी घरात ठरवून घ्या की "बस्स" कुणी म्हणायचं. आई-बाप दोघंही तिथे संकोचतात, एवढी माणसं खोळंबलीत म्हणून. आमच्याकडे हे काम सासूबाईंना दिलं. पणजीत एका सकाळी सव्वाअकराला त्यांनी दिग्दर्शकाच्या समोरून नातीला उचललं, गोधडीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "बाबा, आता तिच्या झोपेची वेळ झाली."