विसर्जन मिरवणूक, स्लाइड फिल्म आणि फ्लॅश

पुण्यात लक्ष्मी रोडवर रात्री ढोलपथकं शूट करायचीत आणि कॅमेऱ्यात एक्टाक्रोम नाहीतर प्रोव्हिया १०० ही स्लाइड फिल्म आहे, तर आधी फ्लॅशचा ऑटो मोड बंद करा, कारण मागे अंधार असला की तो जास्त लाइट फेकतो, पांढरे कुर्ते पार पांढरेफट्ट होतात आणि स्लाइडमध्ये त्यांचे बारकावे परत येत नाहीत. मॅन्युअलचा हिशोब सोपाय, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) भागिले अंतर, येतं ते अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते. ३६ चा फ्लॅश, ढोलवाला साडेचार मीटरवर, म्हणजे एफ ८. फोकस रिंग तिथेच ठेवा आणि माणूस तिथे यायची वाट बघा.

शटर १/८ सेकंद ठेवा, मग मागच्या दिव्यांच्या माळा पण येतात. टिपरू हवेत असताना दाबलं की हात गोठतो आणि टोकाला हलकी रेघ राहते, मला ती फार आवडते.

गुलाल उधळला की थांबा! फ्लॅश लेन्सजवळ असला तर कणन्‌कण चमकतो, फोटोभर ठिपके. कॅमेऱ्याला फ्लॅश जोडायची केबल असेल तर फ्लॅश डाव्या हातात लांब धरा. आणि रोल बदलताना गल्लीत, आडोशाला जा, आत गेलेला एक कण अख्ख्या ३६ फ्रेमवर ओरखडा काढू शकतो.