पत्रात ना जहाज, ना बंदर : शोध कसा लागला

सासऱ्यांचे काका दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलात होते. त्यांची पत्रं घरात गठ्ठ्याने, पण ते होते कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. पत्रात सापडणार तरी कसं? जहाजाचं, बंदराचं नाव लिहायला बंदी, वर पत्रांची तपासणी.

आधी अक्षराशी झटापट. माझं जर्मन बरं आहे, तरी ओळ लागेना. लिपी झ्यूटरलिन, १९१५पासून प्रशियाच्या शाळांत शिकवलेली, १९४१मध्ये नाझी सरकारनेच बंद केलेली. तिच्यात 'ई' थेट 'एन'सारखा दिसतो आणि 'यू'च्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असते. ती खूण धरून वाचायला लागले, तसं जमत गेलं. हस्तलिखित वाचून देणाऱ्या ट्रान्सक्रिबस या सॉफ्टवेअरचीही मदत झाली, पण खाडाखोडीपुढे त्याने हात टेकले.

खरी किल्ली मात्र पाकिटावर होती: 'एम' अक्षर आणि पुढे पाच आकडे. हा नौदलाचा फेल्डपोस्ट, म्हणजे लष्करी टपालाचा, क्रमांक. त्यावरून जहाज किंवा तुकडी ओळखता येते. फक्त तारखेशी ताडून बघा, तोच क्रमांक पुढे दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो. आमचा निघाला सुरुंग काढणाऱ्या जहाजाचा.

मग बर्लिनला बुंडेसआर्काइव्हकडे, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, अर्ज. सैनिकांच्या नोंदींचं जुनं कार्यालय २०१९पासून त्यांच्यात विलीन झालंय. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव द्याच. उत्तराला वेळ लागतो; तोवर पाकिटांचे फोटो काढून ठेवा. साधी फेल्डपोस्ट फुकट जायची, म्हणून तिकीट नाही. आणि तिकीट नाही म्हणून आमच्याकडची निम्मी पाकिटं कधीच रद्दीत गेली होती.