मासेमारी बंदी पाळताय? मग या चुका टाळा

दर पावसाळ्यात तेच. बंदी लागते, कागदावर पाळली पण जाते, अन् दिवाळीच्या टायमाला लोक विचारतात की धरणात बारीक मासा का दिसंना.

सगळ्यात मोठी चूक म्हंजे बंदी फक्त धरणात पाळायची अन् ओढ्याकडं बघायचंच नाही. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, नवं, गढूळ पाणी लागतं, म्हणून नाथसागरातला, म्हंजे जायकवाडी धरणातला मासा मोठा पाऊस झाला की नदी-ओढ्यानं वर चढतो. पैठणकडं एका गावात बघितलेलं सांगतो. मच्छीमार सोसायटीनं जाळी गुंडाळून ठेवलेली, होड्या काठाला, सगळं शिस्तीत, आणि ओढा आला त्या रात्री गावातल्याच पोरांनी नळकांडी पुलाच्या तोंडाला मच्छरदाण्या बांधल्या. सकाळी पोती भरून चढणीचा मासा, पोट जरा दाबलं की अंडी बाहेर. रोहूची मादी किलोमागं २ लाखांच्या आसपास अंडी देते, आता त्या पोत्यांचा हिशोब तुम्हीच करा. पोरं म्हणे, आम्ही धरणात कुठं उतरलो? असल्या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण चार महिने दम धरला असता तर हाच ओढा पुढची दोन-तीन वर्षं पुरला असता. आम्ही आता पावसाआधीच पुलाखालच्या काट्या, जुनी जाळी, दगडांचे आडवे बांध काढून टाकतो आणि पूर आला की रात्री दोघं-तिघं तिथंच बसतो. बोर्ड लावून काही होत नाही, माणूस लागतो.

दुसरं, तारखेवर चालणं. समुद्रातली बंदी १ जून ते ३१ जुलै, ते ऐकून आपल्याकडचे पण ऑगस्टला पाण्यात जाळी टाकतात. अरे पण मराठवाड्यात कित्येक वर्षी ओढे जूनमधी वाहतच नाहीत, खरा पूर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, मग मासा तारीख बघून चढंल का? पूर आला नसंल तर बंदी उठली तरी थांबा.

मरळीचं वेगळंय. ती उथळ गवताळ पाण्यात वीण करते आणि पिल्लांची राखण करते. लालसर पिल्लांचा घोळका दिसला की तिथंच गळ टाकायचा, हा शॉर्टकट कृपा करून सोडा. आई-बाप गेले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात.

काही जण म्हणतात, "बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली की झालं." ज्या पाझर तलावाला वाहता ओढाच नाही तिथं बरोबर, तिथं नुसत्या बंदीनं रोहू-कटला वाढणार नाही. पण गोदावरीतल्या शिवडा, वाम असल्या माशांची बोटुकली कोण सोडतंय?

सुरुंग आणि विष तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, त्यावर चर्चाच नको.

आणि बंदी उठल्या दिवशी बारीक आसाचं (बारीक भोकांचं) जाळं टाकू नका. रोहू वयात यायला दोनेक वर्षं लागतात, यंदाची पिल्लं तेव्हा बोटाएवढी असतात, ती बाजारात कुणी विकत पण घेत नाही.