जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेना? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबावर उचलणारी यंत्रणा, उचलेनाशी झाली की निदान ठरलेलं असतं: "पंप गेला." मंचर-नारायणगावकडे कांदा लागवडीची घाई असताना तर दुसरं काही सुचतच नाही. मीही त्यातलाच. नवा पंप बसवला, तरी पलटी नांगर अर्ध्यावर येऊन थरथरायचा. शेवटी सक्शनची जाळी, म्हणजे पंप तेल ओढतो तिथली गाळणी, काढली, तर तिला लाल गॅस्केट पेस्टच्या शेवया चिकटलेल्या. आदल्या वर्षी झाकण बसवताना मीच ती पेस्ट हात सैल सोडून थापली होती. जुना पंप अजून शेडमध्ये पडलाय, धडधाकट.

तेव्हा आधी तेल बघा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, अवजार जमिनीला टेकवलेलं, इंजिन बंद. लिफ्ट वर असताना डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, तर रॅममध्ये, म्हणजे लिफ्ट उचलणाऱ्या दट्ट्याच्या नळकांड्यात, चढलेलं तेल तिच्यावर दिसत नाही आणि आपण उगाच जास्त ओततो. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी गेलंय. मावळ-मुळशीत भाताच्या चिखलणीनंतर हे बऱ्याचदा होतं. वरून भर घालून भागत नाही. सगळं काढा, जाळी धुवा, नवं भरा. फेस येत असेल, तर तेल कमी आहे किंवा सक्शनच्या जॉइंटमधून हवा ओढली जातेय. पंप किंचाळत असेल तर संशय जाळीवर.

"इंजिन ऑइल उरलंय, तेच टाक" हे तर नकोच. बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक एकाच तेलावर चालतात. ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं तेलच घाला.

शेणखताची डंपिंग ट्रॉली गावभर फिरते आणि प्रत्येक ट्रॅक्टरचं तेल तिच्या जॅकमधून पुढच्याच्या पोटात जातं. तेलाच्या नळीचं कपलिंग पुसल्याशिवाय जोडू नका. जॅक वर गेला की आपलं तेल तितकंच कमी होतं, हेही ध्यानात ठेवा.

गार असताना उचलते आणि तापल्यावर दम सोडते, तेव्हा मात्र पंप किंवा सील झिजल्याची शंका खरी. पातळ झालेलं तेल फटीतून निसटतं. इंजिन बंद केल्यावर नांगर भराभर खाली बसत असेल, तर रॅमची ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह तपासा, पंपाला हात लावू नका. आणि कधी कधी बिघाड नसतोच, ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी असतो! नांगराला ड्राफ्ट (मातीच्या ओढीनुसार अवजार वर-खाली करणारा), ब्लेड-फवारणीला पोझिशन (अवजार एकाच उंचीवर धरणारा).

खोलायची वेळ आलीच, तर अवजार आधी खाली टेकवा. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर त्याखाली शिरू नका. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. दाबातलं तेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसली, तरी लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.