बाबांच्या सातबाऱ्यावरची वारस नोंद

बाबा गेले आणि वारस नोंद वर्षभर अडली. सातबाऱ्यावर त्यांचं हाक मारायचं नाव, मृत्यू दाखल्यावर कागदोपत्री नाव. तलाठ्यांनी अर्ज परत केला. शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. सोबत बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा उतारा, जोडला.

वारसांत आई, मी, दोघी बहिणी. "पोरींकडून हक्कसोड घेऊन टाक," असं काका म्हणाले. मी ऐकलं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि बाबांच्या आजारपणात रात्री जागल्या त्या बहिणीच.

नोटिशीचे १५ दिवस हरकतीविना गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. नव्या उताऱ्यावर आईनं स्वतःच्या नावाखाली बोट फिरवलं, दोनदा.