फर्स्ट कॉपी डायव्हर घड्याळ पाण्यात नेण्याआधी कसं तपासावं

डायलवर ३०० मीटर लिहिलंय म्हणून फर्स्ट कॉपी हातात घालून विहिरीत उडी मारू नका. तो आकडा मूळ घड्याळाच्या डायलवरून जसाच्या तसा छापलेला असतो, त्याच्यामागे कसलीही चाचणी नसते. ज्या सबमरिनर या डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या) घड्याळाची सगळ्यात जास्त नक्कल होते, ते रोलेक्सनं १९५३ मध्ये आणलं. आजही कंपनी प्रत्येक नग लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाला तपासते आणि मगच बाहेर सोडते. डायव्हर घड्याळांचं आयएसओ ६४२५ हे मानकसुद्धा प्रत्येक घड्याळ तपासायला सांगतं, नमुन्याचे दोन-चार नव्हे. कॉपीत नेमकं हेच काम गाळलेलं असतं. स्टील बरं असतं, काच बरी असते, कधी मशीनही चांगलं निघतं, पण दाबाखाली ते कुणी घातलेलं नसतं.

सगळ्याच कॉप्यांत पाणी शिरतं असंही नाही. एकाच खोक्यातून आलेल्या दोन घड्याळांपैकी एक वर्षानुवर्षं कोरडं राहतं आणि दुसरं पहिल्या डुबकीत वाफ धरतं. त्यामुळे ‘माझ्या मित्राचं चालतंय की’ याला काही अर्थ नाही. तुमच्या हातातलं तपासायचं.

आणि कृपा करून बादलीत रात्रभर ठेवू नका. हा सल्ला कुठून निघाला देव जाणे, पण सगळे तोच देतात. फूटभर पाण्याचा दाब जेमतेम ०.०३ बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). १० मीटर पाणी म्हणजे १ बार, यावरून हिशोब करा. घड्याळ बादलीत पास झालं तर काहीच कळत नाही, नापास झालं तर मशीन गेलंच.

चावी

चावी म्हणजे वेळ लावायची बाजूची गुंडी. ती आटे फिरवून उघडा, परत बसवा. आटे नीट धरले पाहिजेत आणि शेवटी चावी रबरावर घट्ट बसल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. नुसतीच फिरत राहिली तर पुढचं काहीही करायची गरज नाही, ते घड्याळ कोरड्यातच वापरा. बाजूला हेलियमचा व्हॉल्व्ह (आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप) दिसत असेल तर तो खरा आहे की नुसती चिकटवलेली बटणी, तेही बघून घ्या. चिकटवलेली असेल तर तिथे आणखी एक भोक आहे असं समजा.

मागचं झाकण आणि रिंग

झाकण घड्याळवाल्याकडूनच उघडून घ्या. घरी पक्कड लावून खाचा घालवू नका. झाकणाखालची रबरी रिंग बाहेर काढून भिंगाखाली धरा. चांगली रिंग गोल आणि मऊ असते. खराब रिंग एका बाजूनं चपटी, चकचकीत, कुठेतरी झाकणाच्या आट्यात चेमटलेली दिसते. कॉपीत बहुतेकदा ती कोरडी असते, ग्रीसचा मागमूस नसतो. कुकरची रिंग कडक झाली की वाफ कडेनं निघते, तसंच हे. नवी रिंग मापाची घाला, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. व्हॅसलीन लावू देऊ नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात ते पातळ होऊन मशीनपर्यंत ओघळतं.

थेंबाची तपासणी

घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत दहा-वीस मिनिटं गरम करा, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभरानं पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आधीच आहे. मे महिन्यात वेगळं तापवायला नको, व्हरांड्यातली सावली पुरते.

दाबाची तपासणी

इथेच सगळं बिघडतं, आणि दुकानातसुद्धा बरेच जण हे चुकीचं करतात. मला स्वतःला हे हाताला बसायला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो.

दाब तपासायचं मशीन म्हणजे जाड पारदर्शक नळकांडं, वर दाबाचा काटा, बाजूला हातपंप आणि घड्याळ टांगायची दांडी. अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं, घड्याळ पाण्याच्या वर हवेतच टांगायचं, झाकण लावायचं, ३ बारपर्यंत पंप मारायचा आणि थांबायचं. पाच मिनिटं तरी थांबा. घड्याळाला कुठे फट असेल तर दाबलेली हवा या वेळात आत शिरते. घाईत मिनिटभरात उरकलं तर बारीक फटीतून पुरेशी हवा जात नाही आणि गळकं घड्याळ पास होतं.

मग दाब तसाच ठेवून दांडी खाली करायची, घड्याळ पाण्यात बुडवायचं. आता लगेच दाब सोडू नका. दांडीवर टिचक्या मारा. बेझेलखाली (काचेभोवतीची फिरती कडी), लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) खोबणीत अडकलेली हवा सुटू द्या. पट्टा आधीच काढलेला असला पाहिजे, नाहीतर त्याच्या कड्यांतून बुडबुडे निघतच राहतात आणि काही समजत नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या. काही दिवसांआड येणारं, टाकीत साठवलेलं नळाचं पाणी थेट ओतलं तर त्यात विरघळलेल्या हवेचेच बारीक बुडबुडे घड्याळभर चिकटतात.

आता दाब हळूहळू सोडा. काटा सावकाश उतरला पाहिजे. नजर तीन जागी ठेवा: चावीची नळी, काचेची कड, झाकणाचा सांधा. बाहेरचा दाब उतरला की आत शिरलेली हवा त्याच फटीतून परत निघते. दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. एकाच जागेतून, एकामागे एक, माळेसारखे निघत राहिले तर ती गळती.

माळ दिसली की दाब सोडणं तिथेच थांबवा आणि घड्याळ पाण्याबाहेर ओढा. काटा शून्यावर येऊ देऊ नका. आतला-बाहेरचा दाब सारखा झाला की त्याच फटीतून पाणी आत जातं, आणि तपासताना घड्याळ मारलं असं होतं. उरलेला दाब घड्याळ वर असताना सोडा. एकदम खटकन सोडलात तर आतल्या हवेनं काच उडू शकते.

माझं ठाम मत असं, की कॉपीच्या बाबतीत पहिली फेरी घड्याळाचं मशीन बाहेर काढून रिकाम्या केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर) घ्यावी. काच आणि चावीची नळी, कॉपीत सगळ्यात जास्त गळणाऱ्या या दोन जागा तेवढ्यात कळतात आणि नुकसान काही होत नाही. पास झालं तर मशीन बसवून, झाकण लावून, दाब तपासायच्या कोरड्या मशीनवर शेवटची फेरी घ्या. ते केस किती दबते ते मोजतं, पाणी लागत नाही. सोलापुरात नवी पेठेत कुणाकडे घड्याळ दिलंत तर ‘वॉटरप्रूफ करून देतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. दाबाचं मशीन आहे का आणि ते तुमच्यासमोर लावतील का, हे आधी विचारा.

पास झालं, आता किती भरवसा?

पोहण्याच्या तलावात, पावसात, गाडी धुताना चालेल. विहिरीच्या काठावरून सूर मारायला नको. उन्हात तापलेल्या दगडावर घड्याळ ठेवून लगेच गार पाण्यात उतरणं तर अजिबात नको. ५५ अंशांवरून २८ वर आलं की आतल्या हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो, आणि कुठे बारीक फट असेल तर पाणी ओढलं जातं. गरम पाण्याची अंघोळही टाळा, साबण आणि वाफ दोन्ही रिंगेचे शत्रू.

तारकर्लीला स्कूबा करणार असाल तर कॉपी हॉटेलवर ठेवून जा. पाण्याखाली वेळेवर जीव अवलंबून असतो, तिथे नकली वस्तूवर विसंबायचं नाही. खरं सांगायचं तर चांगल्या फर्स्ट कॉपीला जेवढे पैसे मोजता, त्याच्या आसपास कॅसिओचं २०० मीटरचं ड्युरो मिळतं, बिलासकट, वॉरंटीसकट. कॉपी विकणं ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे विकणारा नंतर तुम्हाला ओळखही देत नाही. पोहण्यासाठीच घड्याळ हवं असेल तर मी कुणालाही ड्युरोच घ्यायला सांगतो.

दर वर्षी एकदा, आणि सेल बदलायला झाकण उघडलं की प्रत्येक वेळी, तपासणी पुन्हा करा. आधीचा पास तेव्हा संपला.

आणि पाणी शिरलंच तर तांदळाच्या डब्यात ठेवत बसू नका. चावी बाहेर ओढा, त्याच दिवशी झाकण उघडून घ्या, सेल असेल तर आधी तो काढा. बोअरचं पाणी गेलं असेल तर आणखी घाई करा, त्यातला क्षार सुकून चाकांवर बसतो आणि मग मशीन धुऊनही नीट निघत नाही.