जुन्या डब्यात नवं कार्ड टाकलं अन् स्क्रीन काळी: विंडोज-मिंट दोन्ही असलेल्यांसाठी

राजेहो, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दारव्ह्याकडं कापसासोबत ग्राफिक्स कार्डाचाही हंगाम येतो. नागपूर-पुण्याला शिकणारी पोरं गावी येतात, पिशवीत सेकंडहँड कार्ड असते, घरच्या जुन्या डब्यात, म्हणजे सीपीयूत, ते खुपसतात अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सीपीयू गोणीत घालून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात हजर. "दादा, डिस्प्लेच येऊन नाही राहिला." फॉर्मची गर्दी सोडून मी तेच ते परत परत सांगत बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

डबा बहुतेक एकाच जातीचा असते. एच६१ चा मदरबोर्ड, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, अन् विंडोज १० च्या बाजूला लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच पण दुसरी, फुकटची सिस्टीम. मिंट कायले टाकलं तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अन् टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आपल्या डब्यात दोन्ही नाही. पण हे दोन सिस्टीमचं लफडं कार्ड बिघडल्यावर लय कामाचं आहे. गावात धुऱ्यावरून भांडण झालं तर एकाच बाजूचं ऐकून कोणी निकाल देत नाही ना, तसंच इथं. लोगोपासूनच गडबड असेल किंवा विंडोज अन् मिंट दोन्हीत तीच तक्रार येत असेल तर कार्ड, केबल, करंट किंवा बायोस (मदरबोर्डात बसलेला, डबा सुरू करणारा प्रोग्राम) पाहा. एकातच येत असेल तर कार्डाला शिव्या देऊ नका, ड्रायव्हर पाहा, म्हणजे सिस्टीमकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर. एवढं लक्षात ठेवलं तरी पेचकस हातात घ्यायची वेळ निम्म्यांदाच येते.

सगळ्यात आधी केबल. हसू नका, दर वर्षी दोन-तीन जण नवं कार्ड टाकून मॉनिटरची वायर जुन्याच जागी, मदरबोर्डवर ठेवतात, अन् कार्ड लागलं की बरेच बोर्ड आपला ऑनबोर्ड डिस्प्ले बंद करून टाकतात. वायर कार्डाला लावा. आता दुसरी भानगड, आपला मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए. जीटी ७१० ला व्हीजीए बहुतेक मिळते, पण जीटी १०३० किंवा जीटीएक्स १०५० टीआय घेतलं तर त्याच्यावर एचडीएमआय अन् डीव्हीआय-डी असते, अन् डीव्हीआय-डी मधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. ते स्वस्तातलं पांढरं कनेक्टर, डीव्हीआयवर लावून व्हीजीए करायचं, ते इथं चालत नाही (डीव्हीआय-डी मध्ये ते नीट बसतही नाही, पोरं पिना वाकवून ठेवतात). एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आत चिप असलेला, वायरीसारखा दिसणारा नुसता जोड नाही.

मग डबा चालू करा अन् फक्त पाहत बसा, काही दाबू नका. काळी स्क्रीन नेमकी कोणत्या टप्प्याला येते ते पाहायचं आहे. बोर्डाचा लोगो येते का, त्यानंतर विंडोज की मिंट विचारणारा ग्रबचा मेनू येते का. ग्रब दिसला म्हणजे कार्ड स्लॉटमध्ये बसलं आहे, केबल बरी आहे, मॉनिटर बरा आहे. त्यानंतर स्क्रीन गेली तर आधी सॉफ्टवेअरच पाहायचं, डबा उघडायची गरज नाही.

लोगोही नाही आला तर मात्र उघडा. मेन स्विच बंद, वायर काढून, पॉवर बटन पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी आधी दाबा, तशीच ओढली की तुटते. कार्डाचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरनं घासा. आमच्याकडं कूलरसमोर सीपीयू ठेवायची सवय आहे, उन्हाळाभर ती ओली हवा अन् धूळ आत जाते अन् त्या दातांवर थर बसते, डोळ्याला दिसत नाही पण रबर काळं होते त्यावरून कळते. परत बसवताना खिट्टीचा कट्‌ आवाज आला पाहिजे अन् मागचा स्क्रू लावलाच पाहिजे, नाहीतर केबलच्या वजनानं कार्ड तिरपं होते.

तरी काही नाही, तर बायोस. कार्ड काढून ऑनबोर्डवर चालू करा, बायोसमध्ये जा, प्रायमरी डिस्प्ले पीईजी किंवा पीसीआय एक्सप्रेस (म्हणजे कार्डाचा स्लॉट) करा. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर नवीन बायोस असेल तर टाका, पण लाईन जायच्या वेळी नाही अन् यूपीएसशिवाय तर बिलकुल नाही. चौथ्या पिढीनंतरच्या बोर्डात सीएसएम नावाचं, जुन्या पद्धतीनं डबा सुरू होऊ देणारं, एक सेटिंग राहते. लय जुनं कार्ड असलं तर सीएसएम चालू लागते, कारण त्या कार्डाला यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, कळत नाही. पण सीएसएमला हात लावायच्या आधी पाहून घ्या की विंडोज कोणत्या पद्धतीनं टाकलं आहे, लेगसीनं, म्हणजे जुन्या पद्धतीनं, टाकलेलं असेल अन् तुम्ही सीएसएम बंद केलं तर ग्रबही जाईल अन् विंडोजही, मग म्हणाल कार्डानं हार्डडिस्क खाल्ली.

असंच एक जुनं पाप म्हणजे बॅटरी काढणं. यूट्यूबवर पाहून पोरं ती सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढतात, बायोस रिसेट होतो, अन् काही बोर्डांवर साटाचं, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीचं, सेटिंग एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर जाते. आता मिंट मजेत उघडते अन् विंडोज निळी स्क्रीन देते, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून. कार्डाचा यात काडीचा संबंध नाही, सेटिंग परत एएचसीआय करा, संपलं. अन् घड्याळ साडेपाच तास मागं-पुढं दिसत असेल तर तेही कार्डामुळं नाही, विंडोज बोर्डाच्या घड्याळाला भारतीय वेळ समजते अन् लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक वेळ, त्यांचं ते जुनं भांडण आहे.

आता सॉफ्टवेअर. विंडोज चांगलं चालते अन् मिंट लोगोनंतर काळं पडते, हे एनव्हिडियाच्या कार्डात नेहमीचं. ग्रबमध्ये मिंटच्या ओळीवर जाऊन ई दाबा, लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, शेवटी क्वाएट स्प्लॅश असं लिहिलेलं असते, त्याच्यापुढं स्पेस देऊन नोमोडसेट (nomodeset) टाका, सगळी स्मॉल अक्षरं, एकाच शब्दात, मग एफ१०. हे त्या एका वेळेपुरतंच असते. स्क्रीन जाडीभरडी दिसेल, दिसू द्या. आत गेलं की मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, मिंट ते लगेच ओळखते, अन् ड्रायव्हर मॅनेजरमधून रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर टाका. एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल उतरवून टाकायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या कर्नल (मिंटचा गाभा) अपडेटला परत स्क्रीन काळी होते अन् मग परत माझ्याच दुकानात. कार्डाची पिढी माहीत पाहिजे: एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, फर्मीसाठी ३९०, अन् १०३०, १०५० टीआय वाल्या पास्कलसाठी ५८०. केप्लर-फर्मीचे हे जुने ड्रायव्हर नव्या कर्नलवर बऱ्याचदा बसत नाहीत, अशा वेळी ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल घेऊन पाहा. एएमडीचं आरएक्स ५५० किंवा ५६० असेल तर हे काहीच करायचं नाही, ड्रायव्हर कर्नलमध्येच असते. माझं मत विचाराल तर दोन सिस्टीमच्या डब्यात एएमडीच बरं.

यूईएफआयवाल्या डब्यात सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर चालू न देणारं सेटिंग) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना मिंट एक पासवर्ड ठेवायला सांगते, अन् रिस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, कोणतंही बटन दाबा म्हणते, दहा सेकंद थांबते. पोरं घाबरून काही करत नाहीत किंवा कंटिन्यू दाबतात. तिथं एनरोल एमओके घेऊन तोच पासवर्ड द्यायचा असते, नाही दिला तर ड्रायव्हर टाकलेला असूनही लागत नाही.

उलटी केस, मिंट चांगलं अन् विंडोज अडकते. यात पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर. विंडोज शटडाऊन म्हणते पण खरंतर अर्धवट झोपते, अन् उठल्यावर त्याच्या डोक्यात जुनंच हार्डवेअर असते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटनाच्या सेटिंगात जाऊन त्याची टिक काढा. याचा दुसरा फायदा म्हणजे मिंटमधून डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह न होण्याची कटकट पण जाते. मग सेफ मोडमध्ये डीडीयू नावाचा प्रोग्राम चालवून जुने सगळे ड्रायव्हर साफ करा, इंटरनेट बंद ठेवून, नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घुसवते.

दोन्हीकडं चालते पण गेम लावला की डबा बंद, असं असेल तर करंट. एसएमपीएसवर, म्हणजे डब्याला करंट देणाऱ्या पेटीवर, ४५० वॅट लिहिलेलं पाहून खुश होऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर ते वाचा. माझ्यासमोरच्या एका एसएमपीएसवर १५ होतं, म्हणजे १२ गुणिले १५, १८० वॅट. त्यात प्रोसेसर ६५, कार्ड ७५, डिस्क-पंखे वेगळे, बसते कसंबसं, अन् तेही नवीन असताना. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याच्यावरच्या कार्डाला सहा पिनची वायर लागते, अन् ती साटाच्या वायरीवरून कन्व्हर्टर लावून देऊ नका, ती वायर तेवढ्यासाठी नाही, वितळते. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासचा, बॅटरी थकली असेल तर गेममध्ये लाईन गेली की डबाही गेलाच. अन् संध्याकाळी व्होल्टेज कमी होते म्हणून एसएमपीएसमागचा लाल स्विच ११५ वर करायचा शहाणपणा कोणी करू नका. व्होल्टेज परत आलं की फाट्‌.

गरमी वेगळी. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचं तापमान दिसते, पास्कलची कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःच हळू पडायला लागतात. मे महिन्यात आमच्या खोल्याच चाळीसच्या वर, तर साइडचा पत्रा काढून चालवा, लाज बाळगू नका. पण एका डब्याचं कार्ड डिसेंबरातच तापत होतं. उघडलं तर पंख्याच्या मागं, पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये, पांढरीशुभ्र गादी. भाव वाढेल म्हणून त्याच खोलीत कापूस भरून ठेवला होता अन् सीपीयू ढिगाला टेकून. चिमट्यानं ओढला तर वातीसारखा लांबच लांब निघून राहिला. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरवू नका.

आता आत्याच्या पोराची गोष्ट, गोलूची. यानं ऑनलाइन जुन्या सामानाच्या जाहिरातीतून १०५० टीआय ४ जीबी आणलं, भाव ऐकूनच मला शंका आली होती. विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकला की निळी स्क्रीन. डीडीयू केलं, परत निळी. विंडोज स्वतः मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये १०५० टीआयच दाखवत होतं. तो म्हणे, "दादा, एसएमपीएस बदलू काय?" मी कार्ड हातात घेऊन मागून पाहिलं, तर एचडीएमआय, डीव्हीआय अन् व्हीजीए, अन् वर सहा पिनची जागा. पास्कलच्या चिपमध्ये व्हीजीएचा सिग्नलच नसते.

मग मिंटचा पेनड्राइव्ह लावला, नोमोडसेट न टाकता, कारण ते टाकलं तर नूवो, म्हणजे एनव्हिडिया कार्डासाठी मिंटमध्ये आधीच असलेला ड्रायव्हर, चालूच होत नाही. टर्मिनलमध्ये सुडो अन् पुढं डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरं, एंटर, अन् नूवोच्या ओळी शोधल्या. खोट्या कार्डाच्या बायोसमध्ये नाव बदललेलं असते, विंडोज त्या नावावर विश्वास ठेवते, पण नूवो सरळ चिपला विचारते तू कोण. १०५० टीआय असतं तर चिपचं नाव जीपी१०७ आलं असतं. आलं जीएफ११६. म्हणजे फर्मी, २०११ च्या आसपासचा माल, नाव बदलून विकलेला. विंडोजवर खात्री करायची तर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवा, २०१८ पासून ते अशा कार्डाच्या नावापुढं फेक लिहून दाखवते.

विकणाऱ्यानं फोन उचलला नाही. गोलूनं पोळ्यापासून जमवलेले पैसे होते, तोंड एवढंसं झालं, मी चहा पाजला. पुढच्या वेळी नागपूरहून त्यानं जीडीडीआर५ वालं जीटी १०३० आणलं, डीडीआर४ वालं घ्यायचं नाही हे मी तीनदा बजावलं होतं, नाव तेच असते पण मेमरी तिपटीच्या जवळ हळू. ३० वॅटमध्ये त्याचा जुना एसएमपीएस निवांत चालून राहिला.

ते खोटं कार्ड माझ्याकडंच आहे, काउंटरखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. कोणाचा डबा डिस्प्ले देत नसला अन् त्याच्या एसएमपीएसला सहा पिनची वायर असली की आधी ते लावून पाहतो.